पिशवीतली सहा वर्षे

जळगाव जामोद येथील माझ्या दवाखान्यात वृद्ध रुग्ण आला, की त्याच्यासोबत एक पिशवीही आत येते. ती कधी कापडाच्या दुकानाची असते, कधी बियाण्याच्या कंपनीची, तर कधी एखाद्या लग्नात आहेर म्हणून मिळालेली. तिच्यात गोळ्यांची अर्धी संपलेली पाकिटे, चष्म्याचे घर, आधार कार्डाची झेरॉक्स, तंबाखूची डबी आणि घड्या पडून पडून दुमडीवर विरलेले कागद असतात. मी म्हणतो, "काका, मागच्या वेळचा रक्ताचा रिपोर्ट द्या." काका सगळी पिशवीच टेबलावर पालथी करतात. मग आम्ही दोघे शोधू लागतो. बाजाराचा दिवस असेल तर बाहेरच्या बाकावर तीस-चाळीस माणसे ताटकळलेली असतात. दोन मिनिटे झाली, की मी शोध सोडून देतो आणि कोऱ्या चिठ्ठीवर नव्याने लिहू लागतो. ही माझी अनेक वर्षांची सवय. तिच्यामुळे एका माणसाचे काय झाले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

जळगाव जामोद, संग्रामपूर आणि शेगाव या तालुक्यांतील बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. विहिरीला पाणी लागले तरी ते जिभेला खारट लागते. आमच्याकडे मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण फार. एखाद्या गावाचे नाव निघाले, की तिथे कोण कोण डायलिसिसवर आहे, हे लोक बोटांवर मोजून सांगतात. सगळा दोष ते पाण्याला देतात. मी मात्र समोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत आधी रक्तदाब पाहतो, मधुमेह पाहतो आणि दुखण्यावरच्या गोळ्या किती खाल्ल्या ते विचारतो. पाणी माझ्या हातात नाही. या गोष्टी काही प्रमाणात आहेत.

त्या गृहस्थांना आपण काकाच म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. संग्रामपूर तालुक्यातले, साठी ओलांडलेले, सहा एकर कोरडवाहू शेत, त्यात कपाशी आणि तूर. माझ्याकडे ते वर्षातून दोन-तीन वेळा येत. तक्रार ठरलेली, गुडघ्यांची. "साहेब, एक सुई मारून द्या, उद्या कापूस वेचाले जा लागते." मी रक्तदाब पाही, तो थोडा वाढलेला असे, त्याची गोळी लिहून देई आणि सुईही देई. डायक्लोफेनॅकची सुई, वर त्याच औषधाच्या पाच दिवसांच्या गोळ्या. जुने कागद मागितले तर ते हसत म्हणत, "कागद कायले पाह्यजे साहेब, तुमाले त सगळं मालूमच हाये." हे ऐकून मला बरे वाटत असे, हे कबूल केले पाहिजे. खेड्यातल्या डॉक्टरला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

२०२२ च्या पावसाळ्यात त्यांची सून त्यांना घेऊन आली. चेहरा सुजलेला, अन्नावर वासना नाही, सकाळी उठल्याबरोबर उलट्या. रक्त तपासले, क्रिएटिनिन ८.४. मी त्यांना अकोल्याला पाठवले आणि त्याच आठवड्यात त्यांचे डायलिसिस सुरू झाले.

पंधरा दिवसांनी सून एकटीच आली. हातात खताची धुऊन घेतलेली पिशवी होती. ती म्हणाली, "साहेब, घरातले होते तेवढे सगळे कागद आणले. मामंजीले हे कधीपासून झालं, तेवढं सांगा." मी पिशवी ठेवून घेतली. रात्री दवाखाना बंद झाल्यावर तपासणीच्या पलंगावर ते कागद तारखेप्रमाणे मांडत गेलो.

पहिला कागद २०१६ मधल्या एका आरोग्य शिबिराचा होता, क्रिएटिनिन १.१. दुसरा २०१८ चा, अकोल्यात हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या तपासण्यांचा, १.४. भुलीच्या डॉक्टरांनी त्यावर 'फिट' असा शेरा मारला होता आणि त्या शस्त्रक्रियेपुरता तो बरोबरही होता. २०१९ मध्ये ताप आला म्हणून बऱ्हाणपूरला केलेल्या तपासणीत १.६. करोनाच्या वर्षी १.९. २०२१ मध्ये ते पुण्याला धाकट्या मुलाकडे गेले असताना थकवा वाटला म्हणून तपासणी झाली, २.७. त्या कागदाच्या तळाशी तिथल्या डॉक्टरांनी इंग्रजीत, घाईच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती: मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना दाखवावे, वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात. तो कागद पुण्याहून पिशवीत आला आणि पिशवीतच राहिला. सहावा कागद २०२२ चा, माझाच.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रोज तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडांचे जवळजवळ निम्मे काम मंदावेपर्यंत रक्तातील हा आकडा फारसा हलत नाही, म्हणून त्याची थोडी वाढही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. शिवाय अंगाने वाळलेल्या वृद्धाच्या शरीरात स्नायूच कमी, त्यामुळे त्याचा १.३ हा आकडा एखाद्या धडधाकट तरुणाच्या १.३ पेक्षा वाईट असू शकतो. १.४ एकटा पाहिला तर कोणीही डॉक्टर 'पुढे पाहू' म्हणेल. तोच १.१ च्या शेजारी ठेवला आणि पुढे १.६ आला, तर 'पुढे पाहू' म्हणता येत नाही. माझ्यासमोर पलंगावर ते सहा आकडे एका ओळीत होते, आणि त्या ओळीत शंकेला कुठेही जागा नव्हती.

त्याच ढिगात माझ्या अक्षरातल्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या. त्याही मी तारखेप्रमाणे मध्ये मध्ये ठेवल्या. २०१९ च्या दोन, २०२० च्या तीन, २०२१ च्या चार. पुण्याच्या त्या कागदानंतरही दोन. बहुतेक सगळ्यांवर डायक्लोफेनॅक.

काकांची मूत्रपिंडे केवळ माझ्या सुयांनी गेली, असे मी म्हणत नाही. रक्तदाब होता, गावच्या दुकानातून आणलेल्या गोळ्याही असणार. पण घसरण उतारावर ढकलावी तशी त्या औषधाने वाढली असेल, हे नाकारणे मला शक्य नाही. दुसऱ्या दिवशी सुनेला मी सगळे सांगितले, माझ्या चिठ्ठ्यांसकट. ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. ती बराच वेळ त्या कागदांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "कागद त माह्याच कपाटात होते साहेब. मी बारावी शिकली आहो. काय पाहायचं, तेवढं कोणी सांगितलं असतं त मी वाचलं असतं."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. सहा ठिकाणी सहा डॉक्टर होते. प्रत्येकाला एकच कागद दिसला. सहाही ठिकाणी हजर असलेला माणूस एकच होता, तो म्हणजे रुग्ण. आणि सहाही कागद एकत्र होते ते फक्त त्याच्या घरात. आजाराचा इतिहास डॉक्टरपाशी असतो, हा आमचा गैरसमज. तो घरात असतो, कपाटात, पत्र्याच्या पेटीत, देवघरामागे. नागपूरला मेयोत शिकत असताना आमच्या मनावर एकच गोष्ट बिंबवली जाई, की रुग्णाची हकीकत नीट घ्या, निम्मे निदान तिच्यातच असते. पण ती हकीकत रुग्णाच्या हाती नीट परत द्या, असे आम्हाला कोणी शिकवले नाही.

कायद्याचीही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात, की दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवली पाहिजेत आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास ती बहात्तर तासांत दिली पाहिजेत. मागणे हा तुमचा हक्क आहे. त्यात संकोच नको. मात्र तीन वर्षांनंतर ती कागदपत्रे तिथे असतीलच, असे समजू नका.

आता आमच्या शेतकऱ्यांबद्दल. भेंडवळची घटमांडणी आमच्याच तालुक्यातली. अक्षय्यतृतीयेनंतर तिथले भाकीत जाहीर होते आणि जूनमध्ये पाऊस किती, कपाशीला भाव कसा, हे सगळे भाकीत लोकांना वर्षभर तोंडपाठ असते. तीनचार वर्षांपूर्वीचेही असते. स्वतःचा मागचा रक्तदाब मात्र आठवत नाही. सातबारा प्लॅस्टिकच्या पाकिटात, रक्ताचा रिपोर्ट तंबाखूच्या डबीखाली. मी यावरून रुग्णांना पुष्कळ वर्षे बोललो आहे आणि त्याचा काही एक उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका वेगळ्याच गोष्टीने. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्याच शेतात उभे राहायचे, मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद स्वतः करायची. सुरुवातीला कुरकुर झाली, नेटवर्क नाही, जमत नाही. पण नोंद नसली तर पुढे अडचण होते, हे कळल्यावर घरातल्या नातवंडांना हाताशी धरून सत्तरीच्या म्हाताऱ्यांनीही ती केली. मी आता रुग्णांना एवढेच विचारतो, "बाबा, कपाशीचा फोटो काढून नोंद करता येते, तर रिपोर्टचा का नाही?" यावर बहुतेक जण हसतात आणि मग फोन खिशातून बाहेर काढतात.

ही नोंद कुठे करायची? १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झालेले आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे. त्यात प्रत्येक नागरिकाला 'आभा' नावाचे आरोग्य खाते विनामूल्य काढता येते. खात्याचा क्रमांक चौदा आकडी असतो. आधारच्या साहाय्याने काढले तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि काही मिनिटांत काम होते. जी रुग्णालये, प्रयोगशाळा आणि दवाखाने या व्यवस्थेला जोडलेले आहेत, तिथले तुमचे रिपोर्ट या खात्याशी जोडले जातात आणि मोबाइलवरील ॲपमध्ये एका जागी दिसतात. सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीतल्या एखाद्या कोठारात जमा होतात, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. रिपोर्ट जिथे तयार झाला त्या संस्थेकडेच राहतो. तुम्ही संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला तो दिसतो. संमती किती काळासाठी, हे ठरवता येते आणि दिलेली संमती मागेही घेता येते.

आमच्याकडे सर्वात मोठा घोळ नावाचा होतो. आयुष्मान कार्ड म्हणजे उपचारांच्या खर्चाचे संरक्षण. पाच लाखांचे म्हणतात ते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, त्याचा लाभ खुला झाला. आभा कार्डाचा पैशांशी काही संबंध नाही. ते केवळ कागदपत्रांचे खाते आहे. एक आजी आभा कार्ड छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून अकोल्याला गेल्या आणि शस्त्रक्रिया फुकट होईल म्हणून काउंटरवर बसून राहिल्या. परत आल्यावर त्यांनी मला जे ऐकवले ते मी इथे लिहीत नाही. चूक माझी होती; दोन्ही कार्डांतला फरक मी समजावून सांगितला नव्हता. आता आधी तो सांगतो, मगच फोन हातात घेतो.

दुसरी अडचण भीतीची, आणि ती वाजवी आहे. "मोबाइलची घंटी वाजायच्या आधी तो माणूस सांगते ना, ओटीपी कोणाले देऊ नका म्हणून? आन तुमी मांगता?" असे एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या पत्नीने मला सुनावले. मी त्यांना म्हटले, तुमचेच बरोबर आहे. ओटीपी मला सांगू नका; तुमच्या मुलाने किंवा नातीने तुमच्याच फोनवर तुमच्यासमोर तो भरावा. आभा खाते काढून देतो, बंद पडले आहे, सुरू करून देतो, असा कोणाचाही फोन आला तर तो ठेवून द्यावा. खाते काढणे ऐच्छिक आहे, ते नसले म्हणून कोणाचे उपचार अडत नाहीत. तेव्हा घाई कोणालाच नाही. तिसरी अडचण अशी, की आधारशी जोडलेला नंबर बहुधा चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाचा असतो. त्यासाठी दिवाळी किंवा पोळ्याची वाट पाहावी लागते. दिवाळीच्या आठवड्यात आमचा कंपाउंडर औषधांपेक्षा फोनच जास्त हाताळतो.

खरे सांगायचे, तर आमच्या भागातील पुष्कळ लहान प्रयोगशाळा आणि दवाखाने अजून या जाळ्यात आलेले नाहीत. माझाही दवाखाना वर्षभरापूर्वीच आला. म्हणून रिपोर्ट आपोआप येतील असे धरून बसलो तर पिशवी तशीच राहील. तोवर कागदाचा फोटो आपणच काढून जोडावा लागतो. आभाशी जोडलेल्या ॲपमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये आपला कागद स्वतः ठेवण्याची सोय असते. फोटो दिवसाउजेडी, दारात, कागद सपाट ठेवून काढावा. रुग्णाचे नाव, तारीख आणि प्रयोगशाळेचे नाव त्यात आलेच पाहिजे; नुसता आकडा दिसणारा फोटो मला उपयोगाचा नाही. सगळी पिशवी एकदम चढवण्याचा खटाटोप करू नये, माणूस कंटाळतो. रुग्णालयातून सुटताना मिळालेले डिस्चार्ज कार्ड आधी. मग शेवटचा ईसीजी, क्रिएटिनिन आणि साखरेचे रिपोर्ट, आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या पाकिटांचा एकत्र फोटो. एखाद्या औषधाने पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास कोंडला असेल, तर ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याचाही फोटो. मूळ कागद फेकू नयेत. फोन हरवतात, बिघडतात, नातवंडांच्या हातून पाण्यात पडतात.

ईसीजीचा उल्लेख मी मुद्दाम केला. गेल्या हिवाळ्यात माझे एक रुग्ण, माजी ग्रामसेवक, पुण्याला मुलाकडे गेले होते. पहाटे छातीत जड वाटू लागले म्हणून त्यांना रुग्णालयात नेले. तिथल्या ईसीजीत हृदयातील विद्युतप्रवाहाचा डावा मार्ग बंद असल्याचे दिसले. असा अडथळा छातीतल्या कळेबरोबर नव्याने दिसला तर तो मोठ्या हृदयविकाराची खूण असू शकतो. जुना असेल तर विचार वेगळा करावा लागतो. मुलाने वडिलांच्या फोनमधला तीन वर्षांपूर्वीचा, मीच काढलेला ईसीजी दाखवला. तो हुबेहूब तसाच होता. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या केल्या, रक्त दोनदा तपासले, एक दिवस देखरेखीखाली ठेवले आणि घरी सोडले. जुना कागद नसता तर तातडीची आणखी धावपळ झाली असती आणि तेही योग्यच ठरले असते, कारण माहिती नसताना डॉक्टरने वाईटाचीच शंका घ्यायची असते.

रुग्णाच्या घरी नोंद वाचली जाऊ लागली, की डॉक्टरच्या चुकाही वाचल्या जातात. याची सवय व्हायला मला वेळ लागला. एका आजींच्या नोंदीत मी रक्त पातळ करणारी गोळी 'चालू' असे लिहिले होते. संध्याकाळी त्यांच्या नातीचा फोन आला, "डॉक्टरकाका, ती गोळी तर पोटात रक्तस्राव झाला तेव्हाच बंद केली होती. डिस्चार्ज कार्डावर आहे." मी जुन्या नोंदीवरून पुढे उतरवत गेलो होतो. क्षणभर राग आला. बावीस वर्षांची मुलगी मला सांगणार! मग नोंद दुरुस्त केली आणि तिला फोन करून आभार मानले.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. २०१० मध्ये अमेरिकेत बॉस्टन, सिॲटल आणि पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागातील शंभरांहून अधिक फॅमिली डॉक्टरांनी आपली टिपणे रुग्णांना ऑनलाइन वाचायला खुली केली. 'ओपन नोट्स' हे त्या प्रयोगाचे नाव. काम वाढेल, रुग्ण घाबरतील, अशी डॉक्टरांना धास्ती होती. वर्षभरानंतर विचारले तेव्हा उत्तर देणाऱ्या रुग्णांपैकी ९९ टक्क्यांना ही सोय पुढे चालू हवी होती, आणि ती बंद करतो असे एकही डॉक्टर म्हणाला नाही. आता टेबलावर लिहिताना मीही थोडे सुवाच्य आणि पुष्कळ सावध लिहितो. नुसता वैद्यकीय शब्द न लिहिता शेजारी मराठीत एक ओळ लिहितो: 'हा आकडा मागच्यापेक्षा वाढला आहे, तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा.'

तरीही प्रत्येक कागद प्रत्येकाच्या नजरेस पडावा, असे मला वाटत नाही. एक मावशी माझ्याकडे झोपेच्या आणि मनाच्या उदासीच्या औषधांसाठी येतात. पती वारल्यावर त्या खचल्या होत्या, आता सावरत आहेत. घरातला फोन एकच, तो मुलाच्या हाती. त्यांना मी आभाबद्दल सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "रक्तदाबाचं टाका साहेब, हे नको." त्यांचे म्हणणे मी तसेच पाळले. काय जोडायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. मुलाचा नाही, माझाही नाही. वृद्धांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना म्हणूनच एक विनंती आहे. आईवडिलांचे खाते तुम्ही काढून द्या, सांभाळा, पण त्यातला कागद उघडण्याआधी त्यांना विचारा. आजारी माणसाला लपवण्यासारखे काही असू शकते, आणि ते लपवण्याइतका तो अजून शाबूत असतो.

काका पावणेदोन वर्षे डायलिसिसवर होते. आठवड्यातून दोन खेपा अकोल्याच्या. मी भेटायला गेलो, की ते गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, "आता दुखत नाही साहेब. चालाचंच बंद झालं त दुखन कायले?" त्यांनी मला कधी दोष दिला नाही. गेल्या वर्षी ते गेले.

तेराव्यानंतर महिनाभराने त्यांची सून सासूला घेऊन दवाखान्यात आली. आत्याबाईंचेही गुडघे दुखू लागले होते. या वेळी पिशवी नव्हती. तिने फोन पुढे केला. दोन वर्षांतले चार रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले होते; क्रिएटिनिन ०.९, ०.९, १.०, १.१. रक्तदाबाचे आकडे तिने वेगळे लिहून ठेवले होते. मी तपासले, गुडघ्यांचे व्यायाम दाखवले, लावायला मलम लिहिले. सवयीने पेन पुढच्या ओळीवर गेले आणि मी गोळीचे नाव लिहू लागलो.

"साहेब," ती म्हणाली, "शून्य पॉइंट नऊवरून एकावर एक झालं आहे. ही गोळी चालन का?"

मी ती ओळ खोडली, तिच्या जागी पॅरासिटामॉल लिहिले आणि पुढच्या तपासणीची तारीख तिने तिच्या फोनमध्ये टिपून घेतली.